मोटारीचें वंगण : खनिज तेलाकडून सिंथेटिक तेलाकडे

बैलगाडीच्या आंसाला वंगण घातल्यावांचून लांबच्या वाटेस निघूं नये, हें खेड्यांतील गाडीवानाला कोणी शिकवावें लागत नसे. गाडीला टांगलेलें वंगणाचें नळकांडें बैलांच्या वैरणीइतकेंच आवश्यक समजलें जाई, आणि चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान वाटेंतच उतरून त्याची विचारपूस करी. मोटारीची गोष्ट निराळी आहे. तिच्या एंजिनाचे भाग बंद पेटींत फिरतात. ते कोरडे पडूं लागले तर त्यांची कुरकूर मालकाच्या कानीं पडेपर्यंत बहुधा नुकसान होऊन चुकलेलें असतें. म्हणूनच एंजिनांत कोणतें तेल घालावें, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं.

आज अनेक घरांत हा प्रश्न एका ठराविक रूपानें पुढें येतो. घरची मोटार दहा-बारा वर्षांची आहे, लाखभर किलोमीटर चालली आहे, आणि आजवर तिच्यांत साधें खनिज तेल घातलें गेलें आहे. तेल बदलण्याच्या दिवशीं दुकानदार दोन डबे पुढें ठेवतो. एकावर ‘मिनरल’ असें लिहिलेलें असतें, दुसऱ्यावर ‘फुल्ली सिंथेटिक’. आणि दुसऱ्याची किंमत पहिल्याहून पुष्कळच अधिक असते. एक मिस्त्री सांगतो, “जुन्या गाडीला सिंथेटिक घालूं नका, सगळीकडून गळूं लागेल.” दुसरा सांगतो, “खुशाल घाला, एंजिन नव्यासारखें होईल.” मालक बिचारा दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतो. पहिल्याच्या सांगण्यांत एका काळचें सत्य आहे. दुसऱ्याच्या सांगण्यांत आशेचा भाग मोठा आहे. निर्णय करावयाचा तर दोन्ही मतें पारखून घेणें अवश्य आहे.

प्रथम तेल करतें काय, तें पाहिलें पाहिजे. तेलामुळें धातूचे पृष्ठभाग गुळगुळीत होतात आणि म्हणून यंत्र सुरळीत चालतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु खरा प्रकार त्याहून चमत्कारिक आहे. १८८३ सालच्या सुमारास इंग्लंडमध्यें बीचम टॉवर नांवाचे एंजिनिअर रेल्वेच्या आंसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठीं त्यांनीं एक भोंक पाडलें, तों आंस फिरूं लागतांच तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून उलट वर येऊं लागलें. भोंकांत बूच ठोकलें, तें उडालें. लाकडी खुंटी ठोकली, तीहि बाहेर ढकलली गेली. तेथें दाबमापक बसविल्यावर उलगडा झाला. फिरणारा आंस तेलाला आपल्याबरोबर ओढीत नेऊन अरुंद फटींत पाचरीसारखें दाबीत होता, आणि वरचा सारा भार त्या दाबलेल्या तेलावर तरंगत होता. पुढें १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं या घटनेचें गणित मांडलें.

मोटारीच्या एंजिनांतील क्रँकशाफ्ट याच न्यायानें तेलावर तरंगत फिरतो. हा तेलाचा थर माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ असतो. पण तो अभंग आहे तोंवर धातूला धातू लागत नाहीं. शिवाय, दट्ट्याची उष्णता वाहून नेणें, जळणांतून झालेली काजळी आपल्या पोटांत वागविणें, दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर यांमधील फट भरून काढणें आणि गंज चढूं न देणें, हीं कामेंहि तेलाकडेच असतात. सिंथेटिक तेल यांपैकीं कोणतेंहि नवें काम करीत नाहीं. तीं कामें तें कोणत्या परिस्थितींत आणि किती काळपर्यंत करूं शकतें, एवढाच खरा फरक आहे.

हा फरक तेलाच्या घडणींतून येतो. जमिनींतून निघालेलें कच्चें तेल म्हणजे नाना आकारांच्या अगणित रेणूंची खिचडी असते. शुद्धीकरणाच्या कारखान्यांत ती पाखडली जाते, निवडली जाते, आणि वंगणास योग्य असा भाग बाजूस काढला जातो. तरीहि निवडलेल्या धान्यांत खडे राहावेत, त्याप्रमाणें त्यांत कांहीं मेणाचे, कांहीं सहज उडून जाणारे, कांहीं उष्णतेनें लवकर नासणारे रेणू राहूनच जातात. सिंथेटिक तेलाच्या मूळ कल्पनेप्रमाणें हें निवडणेंच टाळलें जातें. एथिलीनसारख्या साध्या वायूपासून आरंभ करून हवे तेवढ्या लांबीचे रेणू जोडून तयार केले जातात. एका साच्यांतून काढलेल्या मण्यांप्रमाणें ते पुष्कळसे सारखे असतात, आणि म्हणून त्यांची वागणूकहि सारखी असते.

ही कल्पना नवीन नाहीं. १९२९ सालीं अमेरिकेंतील स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियाना या कंपनीनें अशा तेलाचा प्रयत्न केला होता. परंतु खनिज तेल मुबलक असतां महाग तेलास गिऱ्हाईक मिळालें नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीला खनिज तेलाचा तुटवडा भासूं लागला, तेव्हां तेथें हेरमान झोर्न यांच्या देखरेखीखालीं एस्टर जातीच्या पदार्थांपासून वंगण करण्याचें मोठें काम झालें. युद्धानंतर विमानांचीं जेट एंजिनें आलीं आणि त्यांच्या उष्णतेपुढें साधें तेल टिकेना, म्हणून तेथें या तेलांचा प्रवेश झाला. सामान्य मोटारीपर्यंत मात्र तें फार उशिरां आलें. १९७३ सालीं जगभर पेट्रोलचे भाव कडाडले आणि लगेच १९७४ सालीं अमेरिकेंत ‘मोबिल १’ हें तेल बाजारांत आलें, तेव्हांपासून त्याचा खरा प्रसार सुरू झाला.

येथें एक व्यवहाराची गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. डब्यावर ‘सिंथेटिक’ असें लिहिलें म्हणजे आंतील तेल वायूपासूनच जोडून केलेलें असतें, असें नाहीं. खनिज तेलावरच हायड्रोजन वायूची तीव्र प्रक्रिया करून त्याचे रेणू जवळजवळ नव्यानें घडविण्याची रीत पुढें निघाली. अशा तेलाला सिंथेटिक म्हणावें कीं नाहीं, यावरून अमेरिकेंत दोन बड्या तेल कंपन्यांमध्यें वाद झाला, आणि १९९९ सालीं तेथील जाहिरातविषयक मंडळानें तसें म्हणण्यास हरकत नाहीं असा निर्णय दिला. आजच्या बाजारांतील अनेक सिंथेटिक तेलें या जातीचीं असतात. तीं निकृष्ट असतात असें मुळींच नाहीं. परंतु यावरून इतकें स्पष्ट होतें कीं, डब्यावरील त्या एका शब्दावर सगळा भरंवसा टाकून चालत नाहीं. खरें वाचावयाचें असतें तें त्या शब्दाखालचे आंकडे आणि अक्षरें.

आंकडे तेलाचा दाटपणा सांगतात. तेल गार असतां दाट आणि तापलें असतां पातळ होतें, हें स्वयंपाकघरांतहि दिसतें. एंजिनाच्या १०डब्ल्यू-४० जातीच्या तेलाचा दाटपणा १०० अंश उष्णतेवर जितका असतो, त्याच्या सुमारें सहा-सात पट तो ४० अंशांवर असतो. म्हणून एका आंकड्यानें भागत नाहीं. ‘डब्ल्यू’ हें अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर आहे. त्यामागील आंकडा जितका लहान, तितकें तेल कडाक्याच्या थंडींतहि लवकर वाहतें. ५डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखालीं ३० अंशांवर घेतात, तर १०डब्ल्यू तेलाची शून्याखालीं २५ अंशांवर. दुसरा आंकडा तापलेल्या एंजिनांतील दाटपणा दाखवितो. सिंथेटिक तेल म्हणजे पातळ तेल, हा समज चुकीचा आहे. ५डब्ल्यू-३० हा आंकडा असलेलें सिंथेटिक तेल मिळतें, तसेंच १५डब्ल्यू-५० असलेलेंहि मिळतें. तेलाची जात बदलणें आणि त्याचा दाटपणा बदलणें, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक करतांना दुसरी नकळत होऊं नये, ही पहिली खबरदारी होय.

आतां लाभ किती, तें पाहूं गेल्यास तो गाडीच्या राहणीवर अवलंबून आहे. लेह-लडाखच्या थंडींत पहांटे सुरू होणाऱ्या गाडीस सिंथेटिक तेलाचा लाभ उघड आहे. मुंबई-रत्नागिरीच्या हवेंत तो गुण फारसा कामास येत नाहीं. आपल्याकडे त्याचा दुसरा गुण अधिक मोलाचा ठरतो, आणि तो म्हणजे उष्णता सोसण्याचा. भर उन्हाळ्यांत शहरांतील गर्दींतून मुंगीच्या पावलांनीं सरकणारी, अथवा चार माणसें व सामान घेऊन आंबेनळीसारखा घाट चढणारी गाडी तेलाला शिजवून काढते. उष्णतेनें तेलाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होतो, तें आंबतें, दाट होतें आणि त्याचें रोगण बनूं लागतें. टर्बो असलेल्या एंजिनांत हा प्रकार अधिकच तीव्र असतो. कारण टर्बोची नाजूक दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, आणि तीहि धुराच्या प्रखर उष्णतेलगत. अशा ठिकाणीं सिंथेटिक तेल कमी उडतें, कमी नासतें आणि कमी काजळी धरतें. उलट, साध्या जुन्या एंजिनाची, मध्यम वेगानें चालणारी आणि वेळच्या वेळीं तेल बदललेली गाडी खनिज तेलावर वर्षानुवर्षें उत्तम चाललेली आहे, हेंहि तितकेंच खरें आहे.

मग गळण्याची भीति आली कोठून? तिला आधार आहे. एंजिनाच्या सांध्यांत रबरी सील असतात. जुन्या खनिज तेलांतील कांहीं घटकांमुळें हे सील किंचित् फुगत आणि घट्ट बसत. आरंभींच्या सिंथेटिक तेलांपैकीं कांहींना हा गुण नव्हता. उलट त्यांच्या सहवासांत सील थोडे आकसत, आणि वर्षानुवर्षें खनिज तेलांत मुरलेल्या गाड्या गळूं लागत. पुढें तेल बनविणाऱ्यांनीं त्यांत एस्टरसारखे पदार्थ मिसळून हा दोष काढला. आजचें मान्यताप्राप्त तेल सीलांवरील परिणामाची परीक्षा उतरूनच बाजारांत येतें. तरीहि एखादी जुनी गाडी तेल बदलल्यावर गळूं लागते, त्याचें कारण बहुधा असें असतें कीं, सील आधींच ताठ होऊन तडकलेला असतो आणि त्या तडेंत साचलेल्या मळानें तेल अडवून धरलेलें असतें. नवें तेल तो मळ हळूहळू धुऊन काढतें, आणि लपलेला दोष उघडा पडतो. घराच्या भिंतीवरचा चुना खरवडल्यावर भेग दिसली, तर ती खरवडण्यानें पडली असें कोणी म्हणत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट गाळाची आहे. ज्या गाडीचें तेल वेळेवर बदललेलें नाहीं, किंवा जी रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारून पुरती न तापतांच उभी राहते, तिच्या एंजिनांत पाण्याचे अंश, न जळलेलें पेट्रोल आणि नासलेलें तेल यांचा काळा चिकट गाळ सांचतो. तेल भरण्याच्या टोपणाच्या आंतल्या बाजूस बोट फिरविलें तर त्याची कल्पना येते. अशा एंजिनांत एकदम जोरदार धुणारें द्रव्य ओतलें, तर गाळाचे लपके सुटून तळाशीं असलेल्या तेलाच्या पंपाच्या जाळीवर बसतात, आणि एंजिनाचा तेलपुरवठाच खुंटतो. मालकानें चांगल्या हेतूनें केलेला खर्च अशा वेळीं एंजिनाच्या जीवावर बेततो. म्हणून गाळ फार असल्यास आधीं जाणत्या मिस्त्रीकडून तळाचें भांडें उघडून जाळी साफ करवून घेणें श्रेयस्कर. गाळ थोडा असल्यास धुण्याची घाई न करतां नव्या तेलाची पहिली पाळी नेहमीच्या निम्म्या अंतरावर संपवावी, फिल्टर बदलावा आणि पुन्हां नवें तेल भरावें. जें अनेक वर्षांत सांचलें, तें सावकाश निघूं देण्यांतच शहाणपण आहे.

एंजिन निरोगी असेल तर बदल करण्याची रीत अगदीं सोपी आहे. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावें, सपाट जागीं उभी करून तें पूर्णपणें निथळूं द्यावें, नवा फिल्टर बसवावा आणि गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या मापानें नवें तेल भरावें. एंजिन सुरू केल्यावर तेलाचा तांबडा दिवा विझतो कीं नाहीं, तें पाहावें. मग बंद करून कांहीं मिनिटांनीं डिपस्टिकवर तेल दोन खुणांच्या मध्यें आहे, याची खात्री करावी. जुन्या तेलाचा थोडा अंश आंत राहतोच, पण त्याची चिंता नको. मान्यताप्राप्त खनिज व सिंथेटिक तेलें एकमेकांत मिसळूं शकलींच पाहिजेत, अशी त्यांना अट असते. ‘सेमी-सिंथेटिक’ म्हणून विकलें जाणारें तेल तरी दुसरें काय असतें? प्रवासांत तेल कमी झालें आणि जवळ केवळ खनिज तेलच मिळालें, तर तें घालून पुढें जाणें हें कमी तेलावर गाडी रेटण्यापेक्षां शतपट बरें. फक्त अशा मिश्रणापासून सिंथेटिकच्या पुऱ्या गुणाची अपेक्षा करूं नये.

नवें तेल लवकर काळें झालें तरी मालकानें घाबरूं नये. मळ पोटांत घेणें हें तेलाचें कामच आहे. महिन्याभरांतहि स्वच्छ राहिलेल्या तेलापेक्षां काळें झालेलें तेल अनेकदां अधिक कामसू असतें.

कोणत्या गाडीस कोणतें तेल, याचा निकाल किमतीवरून नव्हे, तर पुस्तिकेवरून लावावा. १ एप्रिल २०२० पासून भारतांत बीएस-६ मानकाच्या गाड्या आल्या. त्यांतील डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गांत काजळी अडविणारी गाळणी असते. तिच्यासाठीं कमी राख देणारें तेल लागतें, आणि तें सोडून दुसरें महागडें सिंथेटिक घातल्यास त्याची राख गाळणींत कायमची भरते. उलट टोंकास, मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ सालीं निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी एखाद्यानें हौसेनें जपली असेल, तर तिच्या जुन्या रचनेला आजचें पाण्यासारखें ०डब्ल्यू-२० तेल, तें कितीहि उंची असलें तरी, योग्य नव्हे. त्या एंजिनांना जस्त व फॉस्फरस यांच्या संयुगाचा जो आधार लागतो, तो नव्या पातळ तेलांत मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो. तसेंच मोटारीच्या डब्यांत उरलेलें तेल मोटारसायकलींत ओतूं नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो, आणि मोटारीच्या तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनीं तो घसरूं शकतो; तिच्यासाठीं ‘जासो एमए’ अशी खूण असलेलें वेगळें तेल मिळतें.

राहिला प्रश्न पैशाचा. सिंथेटिक तेल दुप्पट किमतीचें घेऊन तें दुप्पट अंतर चालविलें म्हणजे हिशेब जुळला, असें पुष्कळांस वाटतें; आणि येथेंच मोठी चूक होते. तेल न नासलें तरी त्यांतील मळ धरणारीं व आम्ल मारणारीं द्रव्यें खर्च होतच असतात, फिल्टर भरतच असतो, आणि झिजलेलें एंजिन तेल जाळीतच असतें. पुस्तिकेंत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तें, असें लिहिलें असेल तर सिंथेटिक घातल्यानें तो नियम आपोआप लांबत नाहीं. उंची तेल घालून सहा महिने डिपस्टिक न काढणाऱ्या मालकापेक्षां, साधें तेल घालून दर हजार किलोमीटरला ती पुसून पाहणाऱ्या मालकाचें एंजिन अधिक सुरक्षित असतें. खरेदी करतांना डब्याचें सील अभंग आहे हें पाहावें, आणि रिकामा डबा टाकतांना त्यास भोंक पाडावें. नाहींतर त्याच डब्यांतून बनावट तेल पुन्हां बाजारांत येण्याची भीति असते.

काढलेलें काळें तेल गटारांत, शेतांत किंवा विहिरीच्या आसपास ओतण्याची संवय तर सर्वथा सोडली पाहिजे. भारतांतील २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल हा घातक कचरा समजला जातो, आणि तें परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच गेलें पाहिजे. घरीं तेल बदलणाऱ्यानें तें डब्यांत भरून अशा व्यवस्थेंतील कारखान्याकडे पोंचतें करावें. त्याच तेलापासून पुन्हां वंगण तयार होऊं शकतें.

सारांश, जुन्या गाडीला सिंथेटिक तेल चालत नाहीं, हें खरें नाहीं. आणि त्यानें जुनें एंजिन नवें होतें, हेंहि खरें नाहीं. झिजलेला धातू कोणतेंहि तेल परत आणीत नाहीं, तें फक्त पुढची झीज मंद करूं शकतें. म्हणून दोन डब्यांपुढें उभ्या असलेल्या मालकानें किंमत विचारण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्यात : पुस्तिकेंत सांगितलेला आंकडा व मानक कोणतें, टोपणाखालीं गाळ आहे कीं नाहीं, आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर तिच्याखालच्या फरशीवर सकाळीं डाग दिसतो कीं नाहीं. या तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर त्यानें नवें तेल निःशंकपणें घालावें. तीं तशीं नसलीं, तर नव्या तेलाचे पैसे आधीं दुरुस्तीकडे वळवावेत. जुन्या गाडीवानानें चाकाची कुरकूर ऐकून वाटेंत उतरण्याची जी तत्परता दाखविली, तीच मोटारीच्या मालकानें कुरकूर होण्यापूर्वीं दाखवावयाची आहे.